परीक्षेला बसता येतं, तिकिटाला बसता येत नाही

प्रश्न : वारस दाखल्याच्या कामासाठी भिवंडीच्या कोर्टात खेपा घालाव्या लागल्या. न्यायासनावर बाई, समोरच्या दोन वकिलांपैकी एक बाई, नावांचा पुकारा करणारी शिपाईसुद्धा बाई. त्याचं कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. त्याच आठवड्यात माहेरच्या गावी ग्रामसभा होती. सरपंच बाई आहेत. पण त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि बोलत होते त्यांचे यजमान. आमच्या वज्रेश्वरीत देवी गावाची मालकीण. चिमाजी अप्पांनी वसईसाठी तिलाच नवस केला, असं सगळे अभिमानाने सांगतात. तरी माझ्या आठवणीत आमच्या भागातून एकही बाई आमदार-खासदार झालेली नाही. कोर्टात बाई पुढे गेली आणि राजकारणात अडली, असं का? न्यायाधीश व्हायला शिक्षण लागतं म्हणून? यजमानांनी सभा चालवणं कायद्याला चालतं का? न्यायाधीश बाई असल्याने न्यायात काही फरक पडतो का? आणि माझी बारावीतली मुलगी विचारते, वकील होऊ की निवडणूक लढवू? तिला काय सांगू?
— एक वाचक, वज्रेश्वरी, ता. भिवंडी, जि. ठाणे

उत्तर : ताई, एका पत्रात तुम्ही पाच प्रश्न विचारलेत, तेव्हा उत्तरही पाच तुकड्यांत देतो.

कोर्टात पुढे, राजकारणात मागे; असं का?

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, पण ते तालुक्याच्या कोर्टापुरतं. मुंबईला उच्च न्यायालयात जाऊन पाहिलंत तर चित्र बदलेल, दिल्लीत आणखी बदलेल. सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन विभागाने २०२३ साली देशातल्या न्यायव्यवस्थेचा आढावा घेतला. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत महिला न्यायाधीशांचं प्रमाण ३६.३ टक्के निघालं. उच्च न्यायालयांत ते १३.४ टक्क्यांवर आलं आणि सर्वोच्च न्यायालयात ९.३ टक्क्यांवर.

आता राजकारण पाहा. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तिथे निम्म्या बायका दिसतातच. विधानसभेत मात्र २०२४ साली २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७, देशाच्या ५४३ खासदारांत ७४. तुमचा भिवंडी लोकसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेतून तयार झाला. तिथून २००९ साली सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ साली कपिल पाटील, २०२४ साली सुरेश म्हात्रे निवडून आले. भिवंडी ग्रामीणमधून आधी विष्णू सवरा आणि मग तीनदा शांताराम मोरे. म्हणजे तुमची आठवण तुम्हाला दगा देत नाही.

हे आकडे शेजारी ठेवले की कोर्ट आणि राजकारण यांची तऱ्हा एकच असल्याचं कळतं. दोन्हीकडे खाली बायका भरपूर आहेत आणि वर मोजक्या. फरक क्षेत्राचा नाही, आत घेण्याच्या पद्धतीचा आहे.

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. जाहिरात निघते, अर्ज भरता येतो, उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. मुलाखतीला जाईपर्यंत उमेदवार कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही. उच्च न्यायालयासाठी अशी जाहिरात निघत नाही. तिथे ज्येष्ठ न्यायमूर्तींचा न्यायवृंद नावं सुचवतो आणि त्यातली बरीच नावं नामांकित वकिलांची असतात. नामांकित कोण होतं? ज्याच्याकडे मोठे पक्षकार येतात, जो रात्री उशिरापर्यंत चेंबरमध्ये थांबू शकतो, ज्याची ज्येष्ठांत ऊठबस असते. मुलांच्या परीक्षा आणि सासऱ्यांची औषधं सांभाळून वकिली करणारी बाई इथे मागे पडते, आणि ती का मागे पडली याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

राजकारणातही तेच. ग्रामपंचायतीसाठी सोडत असते. एखाद्या शाळकरी मुलाला पुढे बोलावतात, तो डब्यात हात घालून चिठ्ठी काढतो, अधिकारी ती मोठ्याने वाचतात : ‘सर्वसाधारण महिला’. मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू होते. वर्षभर जेवणावळी घातलेल्यांचे चेहरे उतरतात आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या कुठल्या बाईची कागदपत्रं पूर्ण आहेत, याची शोधाशोध लागते. गंमत वाटेल, पण त्या चिठ्ठीसमोर कुणाची वट चालत नाही. विधानसभेच्या उमेदवारीला अशी चिठ्ठी नसते. तिथे तिकीट असतं, आणि तिकीट मागायला मुंबईच्या बंगल्यांवर रात्री-अपरात्री बसावं लागतं, पैसा दाखवावा लागतो, ‘निवडून येण्याची क्षमता’ पटवावी लागते. ती क्षमता मोजायची मोजपट्टी पुरुषांच्याच हातात असते.

सरकारी सेवेनेही हेच दाखवलं. २०२४ साली रश्मी शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि त्याच वर्षी सुजाता सौनिक मुख्य सचिव. दोन्ही पदांवर पहिल्यांदाच बाई बसली. दोघींची सुरुवात परीक्षेपासून झाली होती. १९६० पासून मुख्यमंत्रिपदावर मात्र एकही बाई आलेली नाही, कारण त्या पदासाठी परीक्षा नसते. जिथे नियम आत घेतो तिथे बाई पोचते, जिथे मर्जी आत घेते तिथे ती ताटकळते. देवीच्या नवसाचंही तसंच : देवीला मान देताना कुणाला आपली खुर्ची सोडावी लागत नाही, म्हणून तो मान उदारपणे दिला जातो.

शिक्षण लागतं म्हणून?

शिक्षण लागतं, पण नुसत्या शिक्षणाने काम भागत नाही. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. शिक्षणात काही कमी नव्हतं. तरी बाईला वकिलीची सनद द्यावी, असं स्पष्ट सांगणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. तीस वर्षं शिक्षण होतं आणि नियम नव्हता.

त्याच काळात मुंबईच्या मिठान टाटा आपल्या आई हिराबाईंसोबत १९१९ साली लंडनला गेल्या आणि हिंदी स्त्रियांना मताचा हक्क द्या, म्हणून तिथल्या समितीपुढे बोलल्या. ब्रिटिश सरकारने तो निर्णय प्रांतांवर सोपवला आणि मुंबई प्रांताने १९२१ साली बायकांना मर्यादित का होईना, पण मत दिलं. पुढे मिठानबाई बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. मताचा हक्क आणि वकिलीचा हक्क एकाच बाईने, जवळपास एकाच दशकात मिळवला. तुमच्या मुलीचा ‘वकील की निवडणूक’ हा प्रश्न मिठानबाईंना पडला नसता.

त्याच्याही आधी बाई कोर्टात आली ती प्रतिवादी म्हणून. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या नांदायला येत नाहीत म्हणून नवऱ्याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट सांगितलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ साली तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. न्यायासनावर तेव्हा सगळे पुरुष होते आणि निकाल बाईच्या आयुष्याचा होता.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं. तिथे पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, १९७८ साली आल्या. म्हणजे ११६ वर्षांनी, आणि वकिलीची वाट मोकळी होऊनही ५५ वर्षांनी. सनदेचा नियम झाला होता, निवड मात्र मर्जीचीच राहिली होती. सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई, न्यायमूर्ती फातिमा बीवी, १९८९ साली आली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी तिघी जणींनी शपथ घेतली, तेव्हा तिथवर पोचलेल्या एकूण महिलांची संख्या ११ झाली.

आता या नियम-मर्जीच्या हिशेबात न बसणारी तिसरी वाट. ती तुमच्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याने दाखवली. गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. त्या काळात महाराष्ट्रात अशा बायका जवळपास नव्हत्याच. त्यांनी काळा कोट चढवला नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि त्याच वर्षी त्या तलासरी-डहाणू-उंबरगावच्या वारल्यांत गेल्या. वेठबिगारी आणि लग्नगडीची पद्धत, म्हणजे लग्नापुरत्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबत राहणं, या लढ्याने त्या भागात मोडीत काढली. पुढे १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या.

आणखी जवळ यायचं तर वज्रेश्वरीहून तानसा नदीपलीकडचं वसई तालुक्यातलं उसगाव आहे. विद्युल्लता पंडित आणि विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेचं काम या पट्ट्यात १९८२ पासून उभं राहिलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा होता, पण कायदा झाला म्हणून कुणी कुणाला सोडलं नव्हतं. एकेका वेठबिगाराला नाव घेऊन सोडवावं लागलं, त्याचे कागद करावे लागले. या कामासाठी दोघांना १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी १९७२ च्या महागाईत लाटणं हातात घेऊन बायकांचे मोर्चे काढले आणि १९७७ साली दोघी लोकसभेत गेल्या. पुढे विधानसभेत मृणालताईंनी गर्भलिंग चाचणीविरुद्ध विधेयक लावून धरलं, आणि १९८८ साली अशा चाचण्यांना आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. चळवळीतून आलेल्या बाईला डावलणं पक्षालाही जड जातं, कारण ती माणसं घेऊन आलेली असते.

यजमानांनी सभा चालवणं कायद्याला चालतं का?

नाही. ग्रामपंचायत कायद्याला सरपंच माहीत आहे, सरपंचाचे यजमान माहीत नाहीत. ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंचाचं. ठरावावर सही सरपंचाची. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन खर्ची पडतो आणि त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. गावात कारभार खरोखर कोण करतं, हे ओळखायचं असेल तर तो डोंगल कुणाच्या खिशात असतो ते बघा. बाईच्या पर्समध्ये असेल तर निम्मी लढाई जिंकली. यजमानांच्या शर्टाच्या खिशात असेल, तर उद्या चौकशी लागली की सही बाईची, म्हणून जबाब बाईलाच द्यावा लागेल. हे तुमच्या माहेरच्या सरपंचबाईंना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

गावातल्या बायकांच्या हातात काय आहे? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच उरकतात, कारण कुणी मागत नाही. ती मागा. पाणी, दारू, अंगणवाडी, शौचालय, जे असेल ते तिथे ठरावात आणा. मग ग्रामसभेत यजमान बोलायला उठले, की प्रश्न थेट सरपंचबाईंना विचारा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येईपर्यंत थांबा. भांडायची गरज नाही. केंद्र सरकारनेही २०२३ साली माजी सचिव सुशील कुमार यांच्या अध्यक्षतेखाली याच दुखण्यावर समिती नेमली होती, म्हणजे दुखणं एका गावाचं नाही.

पण ‘सगळ्या सरपंचबाई नावापुरत्या’ असंही म्हणू नका. पहिल्या वर्षी गप्प बसणारी बाई तिसऱ्या वर्षी बीडीओंना फोन लावते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अडचण ही, की ती शिकेपर्यंत सोडत फिरते आणि प्रभाग खुला होतो. तरीही मागे काहीतरी उरतं. रिखिल भवनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. आधीच्या वेळी महिलांसाठी राखीव असलेले आणि नंतर खुले झालेले प्रभाग त्यांनी पाहिले. तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या प्रभागांच्या जवळपास पाचपट निघाली. एकदा बाईला नगरसेवक म्हणून पाहिलं, की मतदाराला आणि पक्षालाही सवय होते.

आरक्षणाशिवाय काय होऊ शकतं, याचं उदाहरण जळगाव जिल्ह्यात आहे. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यातून ग्रामपंचायतीत बायकांची पॅनेलं उभी करायचा विचार पुढे आला आणि १९८९ साली विटनेर गावात सगळ्या जागांवर बायका निवडून आल्या. ७३ वी घटनादुरुस्ती तेव्हा झालेलीच नव्हती. संघटना पाठीशी होती, म्हणून ते जमलं.

आणि याच जळगाव जिल्ह्यात पुढे काय घडलं, तेही ऐका. विचखेडा गावात फेब्रुवारी २०२१ मध्ये मनीषा पानपाटील सरपंच म्हणून निवडून आल्या. गावातल्या काहींनी तक्रार केली, की त्या सासूसोबत सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलेल्या घरात राहतात, म्हणून त्या अपात्र ठरतात. त्या म्हणाल्या, मी नवरा-मुलांसह वेगळी भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं आणि उच्च न्यायालयात याचिका तांत्रिक कारणावर गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झाली, हेच गावातल्या काहींना पचलं नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, आणि निवडून आलेल्या बाईला असं सहजासहजी काढू नका, असं अधिकाऱ्यांनाही बजावलं. पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं तोवर उलटली होती.

अपात्रतेची ही कलमं स्त्री-पुरुष दोघांना सारखी आहेत, पण ती सारखी लागत नाहीत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की अपात्र. तिसरं मूल हवं की नको, हे किती घरांत बाईला विचारलं जातं? राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यावं लागतं आणि त्याचे पुरावे लागतात वडिलांकडचे. लग्न होऊन लांबच्या गावी आलेल्या बाईने आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? तुमच्या आसपास कुणी बाई उभी राहणार असेल, तर प्रचाराआधी माहेरची कागदपत्रं गोळा करायला सांगा.

न्यायाधीश बाई असल्याने न्यायात फरक पडतो का?

बाई न्यायाधीश बायकांच्या बाजूने निकाल देते, असं कुणी समजू नये. ती कायद्याच्याच बाजूने देते. फरक पडतो तो काय साधं आणि काय विपरीत, याच्या समजुतीत. गडचिरोली भागातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली पोलीस सुटले, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. पोलीस ठाण्यात, रात्री, ती गरीब मुलगी प्रतिकार कसा करणार, हा विचार निकालात नव्हता. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्या पत्राने देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात, संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर ते गृहीत धरायचं, हे तेव्हा ठरलं.

१९९७ चा विशाखा निकाल घ्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी नियम घालून दिले. त्या तिघांत सुजाता मनोहर होत्या. संसदेने त्याचा कायदा २०१३ साली केला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी आणि तिची अध्यक्ष बाईच हवी. तुमच्या भिवंडी तालुक्यात गोदामांची रांगच रांग आहे. पॅकिंगला बसणाऱ्या बायका वाडा, शहापूर, वज्रेश्वरीहून जातात. आपल्या गोदामात ही समिती आहे का, हे त्यांच्यापैकी कितीजणींना माहीत असेल? दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

मुलीला काय सांगू?

दोन्ही करायला सांगा, कारण वयाचा हिशेब दोन्हींना जागा देतो. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, म्हणजे तेविसाव्या वर्षी ती वकील होईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे न्यायासनावर बसायला साधारण सव्विसावं वर्ष. ग्रामपंचायतीला उभं राहायला एकविसावं पुरतं, विधानसभेला पंचविसावं. न्यायाधीश होण्याआधी ती सरपंच होऊ शकते! एकदा न्यायाधीश झाली की मात्र त्या पदावर असेपर्यंत राजकारण बंद, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.

ती तीन वर्षांची वकिली मुलींना जड जाते, कारण सुरुवातीला हातात पैसे फारसे येत नाहीत आणि घरून लग्नाची घाई होते. त्या तीन वर्षांत तिला घरातून पाठबळ लागेल. परीक्षेची फी भरण्यापेक्षा ते मोठं काम आहे. दरम्यान तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीचं काम बघायला पाठवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१००. वारस दाखल्यासाठी तुम्ही स्वतः ही मदत मागू शकला असता. मुलीने हे चार घरांत सांगितलं, तरी तिची वकिली सुरू झाली म्हणायची.

राहिला विधानसभेचा प्रश्न. २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा महिलांना, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. आजच्या २८८ जागांचा हिशेब धरला तर ९६ महिला आमदार. २१ वरून ९६! त्या दिवशी तिकीटही नियमात येईल. नावं तेव्हाही पक्षच ठरवतील आणि नेत्यांच्या बायका-सुनांच्या याद्या आतापासूनच तयार असतील. त्या याद्यांना टक्कर देईल अशी बाई एका रात्रीत तयार होत नाही. तिने पाच-दहा वर्षं लोकांचे दाखले काढून दिलेले असतात, पोलीस ठाण्यात कुणासोबत तरी बसलेली असते, कायदा वाचलेला असतो. तुमच्या मुलीला वेळ आहे. तिला सांगा, सीईटीचा अर्ज आधी भर आणि अठरा पूर्ण झाली की मतदार यादीत नाव घाल. दोन्हीकडे कुणाची मर्जी लागत नाही.